गणिती जीवशास्त्र: संशोधन, नोकरी आणि दोन घरचा पाहुणा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

निकाल लागले की दरवर्षी माझ्याकडे त्याच त्या प्रश्नांचे ईमेल येतात. काही विद्यार्थ्यांचे, काही पालकांचे, एखादा चुकून पशुवैद्यकीय प्रवेशाबद्दलचा. प्रत्येकाला निराळं उत्तर लिहिता लिहिता कुणाला काय सांगितलं याचा घोळ होतो, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. मी मुळात गणिताचा माणूस. गेली बरीच वर्षं जीवशास्त्राच्या लोकांबरोबर काम करतो, तरी खिडकी गणिताचीच आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

हा विषय गणितात मोडतो की जीवशास्त्रात?

सजीवांबद्दलचा एखादा प्रश्न समीकरणात मांडायचा, ते समीकरण काय म्हणतं ते बघायचं आणि मग परत त्या सजीवाकडे जाऊन ताडून पाहायचं. ही तिसरी पायरी गाळली की उरतं ते नुसतं गणित. ते छान असेल, पण माशीला किंवा मलेरियाला त्याचं काही देणंघेणं नसतं.

विषयाचा पसारा कळायला १९५२ हे एकच साल पुरे. त्या वर्षी हॉजकिन आणि हक्स्ले यांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड मज्जातंतूतून विजेचा संदेश कसा धावतो याची समीकरणं दिली. १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९५२ मध्येच ॲलन ट्युरिंग यांनी दाखवलं, की दोन रसायनं वेगवेगळ्या वेगाने पसरत एकमेकांवर परिणाम करत असतील, तर सगळीकडे सारख्या असलेल्या पेशींमध्येही आपोआप नक्षी उमटू शकते. हॉजकिन-हक्स्लेंच्या हातात प्रयोगाचे आकडे होते, ट्युरिंगकडे जवळपास फक्त कागद. दोन्ही कामं आजही शिकवली जातात.

म्हणजे बायोइन्फर्मॅटिक्सच ना?

नाही, पण सख्खे शेजारी. बायोइन्फर्मॅटिक्सवाले बहुतेक वेळा डीएनए-प्रथिनांच्या प्रचंड माहितीतून अर्थ काढतात. आम्ही यंत्रणा शोधतो: हे असं का होतं, आणि अमुक बदललं तर काय होईल. हल्ली मधली भिंत बरीच खचली आहे.

भारतात हे कधी सुरू झालं?

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याच गावची गोष्ट आपल्याला ठाऊक नसते.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला, १८९७ मध्ये पुण्यात. रँडचा वध, सावित्रीबाईंचा मृत्यू हे सगळं शाळेत वाचलेलं असतं. शाळेत न सांगितलेली गोष्ट अशी, की साथींच्या गणिताचा पाया मानला जाणारा जो शोधनिबंध आहे, केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचा, १९२७ सालचा, त्यातला आलेख मुंबईचा आहे. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६, दर आठवड्याला मुंबईत प्लेगने किती माणसं गेली, ते ठिपके आणि त्यांच्यावरून ओढलेली एक घंटेच्या आकाराची रेघ.

लिहिणारे दोघे कोण? मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले लष्करी डॉक्टर, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले. केरमॅक हे रसायनाचे माणूस. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली, पुढचं सगळं गणित त्यांनी डोळ्यांशिवाय केलं. दोघांतला एकही गणिताचा प्राध्यापक नव्हता. ‘मला या विषयात यायचा अधिकार आहे का’ असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

त्यांची मांडणी सोपी आहे. लोकसंख्येचे तीन कप्पे करा: अजून लागण न झालेले, सध्या बाधित, आणि बरे झालेले किंवा दगावलेले. पहिल्या कप्प्यातून दुसऱ्यात माणसं किती वेगाने जातात ते पहिल्या दोन्ही कप्प्यांतल्या संख्येवर अवलंबून. त्यातून निघालेला निष्कर्ष मात्र तेव्हा नवा होता: साथ थांबायला सगळे आजारी पडावे लागत नाहीत. न लागलेली माणसं एका उंबरठ्याखाली गेली की कितीतरी लोक शिल्लक असतानाच ती विझू लागते. एक रुग्ण सरासरी तिघांना लागण देत असेल, तर दोन तृतीयांश लोकांना संरक्षण मिळालं की साथ पसरू शकत नाही. लसीकरणाचं लक्ष्य ठरवताना केलेल्या हिशेबाच्या मुळाशी हेच असतं.

आता गंमत. मुंबईच्या आकड्यांवर त्यांनी बसवलेल्या सूत्रात शिखर येतं सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर, आठवड्याला ८९० मृत्यू. रेघ ठिपक्यांवर सुरेख बसते. पण प्लेग हा उंदरांचा रोग, माणसापर्यंत येतो तो पिसवांमार्फत. मुंबईत तो दर वर्षी त्याच सुमारास चढायचा आणि उन्हाळा तापला की उतरायचा. म्हणजे ती घंटा ‘लागण होण्याजोगी माणसं संपली’ म्हणून खाली आली, की ऋतू बदलला म्हणून? नंतरच्या संशोधकांनी दाखवलं, की ऋतू धरल्याशिवाय त्या सूत्रातल्या आकड्यांना जीवशास्त्रीय अर्थ लावणं अवघड आहे. लेखकांनीही उंदीर-पिसवांचा मुद्दा स्वतःच नोंदवून ठेवला होता. मी पहिल्या तासाला हाच आलेख दाखवतो. सदरा अंगाला नीट बसला म्हणून तो आपलाच असतो असं नाही.

आणि त्याआधी रोनाल्ड रॉस. सिकंदराबादला १८९७ मध्ये डासात मलेरियाचे जंतू सापडले ते सगळ्यांना माहीत. त्यांनी पुढे गणिताने दाखवलं, की मलेरिया हटवायला शेवटचा डासही मारावा लागत नाही, संख्या एका मर्यादेखाली आणली की पुरे. या कामाचा त्यांना स्वतःला फार अभिमान होता.

आपल्याकडचं कुणी?

दामोदर धर्मानंद कोसंबी. इतिहासकार म्हणून नाव घेतलं जातं ते हेच, १९०७ साली गोव्यात जन्मलेले. १९४४ मध्ये, फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना, त्यांनी आनुवंशिकतेवर एक छोटा निबंध लिहिला.

प्रश्न असा: एकाच गुणसूत्रावरची दोन जनुकं एकमेकांपासून किती लांब? मोजता येतं ते एवढंच, की किती टक्के संततीत ती एकमेकांपासून सुटली. पण जोडीतल्या गुणसूत्रांत मध्ये दोनदा तुकड्यांची अदलाबदल झाली तर ती पुन्हा एकत्र दिसतात, म्हणून टक्केवारी अंतरापेक्षा कमी भरते. जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये सूत्र दिलं होतं, त्यात प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र मानली होती. प्रत्यक्षात एका ठिकाणी अदलाबदल झाली की शेजारी दुसरी होणं अवघड जातं. कोसंबींनी तो अडथळा सूत्रात आणला. ३० टक्के संततीत जनुकं सुटलेली दिसली, तर हाल्डेनच्या सूत्राने अंतर येतं ४५.८ सेंटिमॉर्गन (जनुकांमधलं अंतर मोजायचं एकक), कोसंबींच्या सूत्राने ३४.७. फरक थोडाथोडका नाही. आजही जनुकीय नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘हाल्डेन’ आणि ‘कोसंबी’ असे दोन पर्याय असतात. पिकांवर काम करणारी आपलीच मुलं तिथे रोज ‘कोसंबी’वर टिचकी मारतात आणि तो माणूस डेक्कन क्वीनने मुंबईला जा-ये करायचा हे त्यांच्या गावीही नसतं.

हाल्डेन स्वतः १९५७ मध्ये भारतात आले, आधी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, नंतर भुवनेश्वरला. १९६४ मध्ये तिथेच वारले, भारतीय नागरिक म्हणून.

दिवसभर तुम्ही नेमकं करता काय?

फळा, संगणक, चहा, आणि बराच वेळ भांडण: ‘हे गृहीत धरायचं की नाही’ यावरून.

एक प्रसंग सांगतो. मी पहिल्यांदा फळमाश्यांच्या प्रयोगशाळेत गेलो तेव्हा दारातच केळी आणि गुळाचा आंबूस वास आला. आपल्याकडे माश्यांचं खाणं केळी-गुळाचं असतं. कापसाचे बोळे लावलेल्या नळ्या ओळीने मांडलेल्या. एक विद्यार्थिनी बेशुद्ध केलेल्या माश्या पांढऱ्या पृष्ठभागावर पसरून रंगाच्या बारीक ब्रशने एकेक बाजूला सारत मोजत होती. मोजून झालं की वहीत आकडा, मग पुढची नळी. एक पिढी २१ दिवसांची. पन्नास पिढ्यांचा आलेख मी संगणकावर डोळ्यांची उघडझाप होईपर्यंत काढायचो, ती त्याच्यासाठी तीन वर्षं ब्रश चालवणार होती.

माझं मॉडेल म्हणत होतं, संख्या लवकरच स्थिरावेल. तिच्या वहीत आकडे पिढीगणिक उसळत होते, कधी दोनशेवर, कधी वीसवर. आठवडाभर मी चूक शोधत बसलो. एक सापडली, तीही लाज वाटावी अशी: दर दिवसाचा मृत्युदर मी दर पिढीच्या समीकरणात घातला होता. ती सुधारूनही जुळेना. शेवटी तीच म्हणाली, ‘सर, अळ्यांना आम्ही खाणं कमी देतो, पण मोठ्या माश्यांना यीस्ट भरपूर असतं.’ झालं! खाऊनपिऊन तंदुरुस्त माश्या ढिगाने अंडी घालणार, अळ्यांची गर्दी होणार, बहुतेक मरणार. पुढच्या पिढीत माश्या थोड्या, म्हणून अळ्यांना जागा मोकळी. समीकरणात ही एक ओळ नव्हती, आणि ती कुठल्याही गणिताच्या पुस्तकातून मला मिळाली नसती.

बारावीला गणित सोडलं होतं. आता दार बंद?

नाही. पण फुकटात उघडणार नाही. पीसीबीवाल्या मुलांना मी सांगतो, कलनापासून सुरू करा, लाज न बाळगता अकरावीचं पुस्तक काढा. रोज तासभर, दीड वर्ष. शिकवणी लावण्यापेक्षा एखादं छोटं मॉडेल स्वतः सोडवत शिकलेलं टिकतं. उलट बाजूने, गणितातून येणाऱ्यांची अडचण वेगळी: त्यांना वाटतं जीवशास्त्र म्हणजे पाठांतर, गरज पडली की बघू. सगळ्यात वाईट निबंध याच समजातून निघतात. निदान एका सजीवाशी नीट ओळख करून घ्या, मग तो जिवाणू असो की बिबट्या.

कोणतं गणित लागतं?

अवकल समीकरणं, रेषीय बीजगणित, संभाव्यता. आणि प्रोग्रॅमिंग: पायथन किंवा आर, काहीही चालेल. संभाव्यतेकडे आपली मुलं दुर्लक्ष करतात. पेशीत एखाद्या रेणूच्या पाच-दहाच प्रती असतात, तिथे सरासरीची समीकरणं फसवतात.

पीएचडी कुठे करावी?

पुण्यात आयसर आणि विद्यापीठ, मुंबईत आयआयटी आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था, बंगळुरूला एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) आणि आयआयएससी, चेन्नईत आयएमएससी (गणिती विज्ञान संस्था), कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था, कानपूरला आयआयटी. प्रत्येक ठिकाणचा तोंडवळा निराळा. कोलकाता-कानपूरकडे अवकल समीकरणांची जुनी परंपरा आहे, भक्ष्य-भक्षक, रोगराई यांच्या मॉडेल्सची. बंगळुरूला प्रयोगशाळा शेजारीच, भिंतीपलीकडे असते.

संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शक बघा. त्यांचे गेल्या पाच वर्षांतले निबंध उघडा. एकातही प्रयोग किंवा निरीक्षण करणारा सहलेखक नसेल, आणि प्रत्येक शीर्षकात जुन्याच मॉडेलला एक नवी संज्ञा चिकटवलेली असेल, तर पदवी मिळेल, विषय मिळणार नाही. हे माझं मत आहे आणि त्यावरून काही जण माझ्याशी बोलत नाहीत.

त्याआधी उन्हाळ्यात दोन महिने कुठेतरी काम करून बघा. विज्ञान अकादमींची उन्हाळी शिष्यवृत्ती असते, तिला अर्ज करा.

नेट गणितातून द्यावी की जीवशास्त्रातून?

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. नेट-सेट या पात्रता परीक्षा ज्या विषयात, बहुधा त्याच विषयाच्या विभागात पुढे नोकरी. एमएस्सी गणितात, नेट जीवशास्त्रात, पीएचडी तिसरीकडे असं केलं की छाननीच्या टेबलावर अर्ज ‘संबंधित विषय नाही’ या शेऱ्याने बाजूला पडू शकतो. संशोधन दोन घरांत करा, पण रेशनकार्ड एकाच घरात ठेवा.

पैसे किती मिळतात?

सीएसआयआर-यूजीसीची फेलोशिप १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, वर घरभाडे भत्ता. पीएचडीनंतर रिसर्च असोसिएटला ५८,००० ते ६७,०००. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन विद्यापीठांत-महाविद्यालयांत ५७,७०० पासून, आयआयटी-आयसरमध्ये ग्रेड एकला १,०१,५०० पासून. कागदावरचे आकडे हे. फेलोशिप दरमहा येईलच असं धरून हप्ते लावू नका. माझ्या ओळखीतल्या एका मुलाची सात महिने अडकली होती, घरभाडं मित्रांनी भरलं.

नोकरी मिळते का?

मिळते, वाट पाहावी लागते. मोठ्या संस्थांत बहुतेकांना दोन ते पाच वर्षं पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन) करूनच जागा मिळते, त्यातला काही काळ बहुधा परदेशात. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत जागा रिकाम्या असूनही भरती रखडते आणि पीएचडी झालेली माणसं तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवतात. हे लपवण्यात अर्थ नाही. अशा तासिकांवर असताना संशोधन चालू ठेवणारे लोक मी पाहिलेत, पण ते त्यांच्या हट्टामुळे, व्यवस्थेमुळे नव्हे.

दुसरी अडचण खास आमची. दोन घरचा पाहुणा उपाशी. एका मुलाखतीत गणिताच्या समितीतल्या एकांनी मला विचारलं, ‘यात प्रमेय कुठे आहे?’ पुढच्याच महिन्यात दुसऱ्या ठिकाणी, जीवशास्त्राच्या विभागात: ‘यात प्राणी कुठे आहे?’ दोघांचंही चुकलं नव्हतं. त्यानंतर मी एकच काम दोन प्रकारे सांगायला शिकलो. गणितवाल्यांसमोर उंबरठ्याचं प्रमेय आधी, जीवशास्त्रवाल्यांसमोर माश्यांचा आलेख आधी. खोटं काही नाही, फक्त ताट वाढायचा क्रम बदलायचा.

निबंधात नावांचा क्रम कसा लावतात?

हसू नका, यावरून मैत्र्या तुटल्यात. गणितात नावं वर्णक्रमाने लावायची पद्धत. जीवशास्त्रात पहिलं नाव काम करणाऱ्याचं, शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर पहिल्या, प्रमुख किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के गुण आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०. आता वर्णक्रम पाळणाऱ्या निबंधात आमचे एखादे वाघमारे जन्मभर शेवटीच. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी, पहिल्या चहालाच, क्रम कसा आणि पत्रव्यवहाराचा लेखक कोण हे बोलून घ्या आणि ईमेलवर लिहून ठेवा.

निबंध पाठवायचे कुठे?

बुलेटिन ऑफ मॅथेमॅटिकल बायॉलॉजी, जर्नल ऑफ मॅथेमॅटिकल बायॉलॉजी, जर्नल ऑफ थिअरेटिकल बायॉलॉजी, प्लॉस कॉम्प्युटेशनल बायॉलॉजी. पैसे भरा, आठ दिवसांत छापू, असं म्हणणारे टाळा.

कोविडच्या वेळी तुमची मॉडेल्स चुकली ना?

काही चुकली, सपशेल. सरकारी पाठबळ असलेल्या मॉडेलने दुसऱ्या लाटेची उंची फारच कमी धरली होती. प्रत्यक्षात मे २०२१ मध्ये नोंदलेले रोजचे रुग्ण ४ लाखांवर गेले. मागच्या आकड्यांवर रेघ बसवून पुढे ओढायची, तर विषाणूचा नवा प्रकार किंवा लोकांचं वागणं त्या रेघेत आधीपासून कसं असणार? १९०६ च्या मुंबईचाच धडा, एकशे पंधरा वर्षांनी.

पण सगळी मॉडेल्स भाकितासाठी नसतात. ‘लोकल अमुक क्षमतेने सुरू केल्या तर काय होईल’ अशी तुलना करणारीही असतात. टाटा संस्था आणि आयआयएससीच्या गटांनी मुंबई-बंगळुरूसाठी तशी केली: संगणकात कृत्रिम शहर, त्यात घर, ऑफिस, प्रवास करणारी माणसं. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्ततपासणी झाली, तेव्हा झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडं आढळली, इतर वस्तीत १६ टक्के. रस्ता ओलांडला की आकडा बदलतो. ‘मुंबई’ नावाचा एकच कप्पा करून चालणार नाही, हे सांगायला याहून मोठा पुरावा नको.

विद्यापीठाबाहेर काम आहे?

आहे. औषध कंपन्यांत, डोस किती आणि किती तासांनी द्यायचा याची मॉडेल्स करणारे लागतात. साथरोग आणि सार्वजनिक आरोग्याच्या संस्थांत, आणि अर्थातच डेटाच्या नोकऱ्यांत. पगार प्राध्यापकापेक्षा बरा, प्रश्न निवडायचं स्वातंत्र्य कमी.

एआय आल्यावर समीकरणं कोण मांडणार?

एआयने प्रथिनाची घडी ओळखण्याच्या कामाला २०२४ चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल मिळालं, आणि ते रास्तच होतं. तिथे दशकानुदशकं साठवलेल्या रचनांचा खजिना होता. आमच्या बहुतेक प्रश्नांत मात्र तीन वर्षांचे ब्रशने मोजलेले पन्नास आकडे असतात. एवढ्यावर यंत्र काय शिकणार? कोड लिहायला, चुका शोधायला मी ते वापरतो. दर दिवसाच्या आणि दर पिढीच्या मृत्युदराची माझी गल्लत ते कदाचित लगेच पकडेल. यीस्टचं मात्र त्या विद्यार्थिनीलाच विचारावं लागेल.

घरी काय सांगू?

माझ्या आईने ‘माश्या मोजतो’ हे कधी मान्य केलं नाही. ती शेजारी सांगायची, ‘तो साथीचं गणित करतो.’ त्यामुळे २०२० च्या जुलैत शेजारच्या काकूंचा फोन आला. आकडे, आलेख काही नको होतं. ‘एवढंच सांग, यंदा गणपती बसवायचा का रे?’ मी आर-नॉट (एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण देतो तो आकडा) समजावून सांगायला सुरुवात केली. त्यांनी मध्येच थांबवलं: ‘मूर्ती दोन फुटांची की त्याहून लहान, तेवढं बोल.’ घरगुती मूर्ती दोन फुटांपर्यंत, असं सरकारनेच ठरवून दिलं होतं. मी म्हटलं, दोन. ‘बघ,’ काकू आईला म्हणाल्या, ‘शिकलेला आहे पोरगा.’